बाबांच्या गुडघ्याचं माप

मोताळा, ता. ९ डिसेंबर १९६४

तीर्थस्वरूप इंद्रभानभाऊजींच्या पायी जानरावचा दंडवत. इकडे सगळे बरे आहोत (बाबा सोडून). तिकडे शेगावात आमची शालूताई, पोरंबाळं आणि तुमचं चहाचं हॉटेल खुशाल असेल असं धरून चालतो. दम्याचं काय? हवा गार झालीय, मफलर सोडू नका.

तर जीपची हकीकत. बाबांच्या पोटातली गाठ वाढलीय, बुलढाण्याला नेऊन कापून घ्या, असं डॉक्टरनं सांगून दीड महिना झाला. गाडी घरचीच (मिलिटरीच्या लिलावातली, म्हणजे निम्मी आमची, निम्मी हैदर मिस्त्रीची, कारण उभी असते त्याच्याच दारात). पुढं ड्रायव्हरशेजारी बसवावं तर बाबांना धरायला दुसऱ्याला जागा नाही. मागं दोन बाकडी, कडेकडेनं, समोरासमोर तोंडं. त्यावर बसायला बाबा तयार नाहीत. "मी काय बजारात न्यायची बकरी हावो काय बे? असा आडवा बसून राजूरचा घाट चढनार नाही. मले रस्ता समोर दिसला पाह्यजे." सहा फुटी माणूस पोट धरून कण्हतोय आणि हट्ट बघा! मला असा राग आला, भाऊजी, आणि रडूही आलं, खोटं कशाला सांगू.

मग हैदरनं मोडीत निघालेल्या प्रवासी सर्व्हिस मोटरीच्या दोन शिटा आणल्या. बाकडी काढली (ती तुम्ही दिवाळीला हॉटेलात नेलीत, अडगळ गेली म्हणून मीच खूश). शिटा पुढं तोंड करून बसवायच्या, तर कमरेपासून गुडघ्यापर्यंत जागा किती लागते ते बघायला हैदर सुतळी घेऊन बाबांच्या खाटेपाशी आला. झालं! आई स्वयंपाकघरातून धावत आली. "जित्या मानसाले सुतळी लावतं काय रे मुडद्या? तिरडीचं माप घेऊन राह्यला काय?" सुतळी हिसकली आणि चुलीत घातली. आजारी माणसाचं माप घ्यायचं नाही म्हणजे नाही. मग हैदर म्हणाला, "आदमी तो आदमी है", आणि शिटेवर स्वतः बसून त्यानं आपल्याच गुडघ्याचं माप घेतलं. हैदरला तुम्ही पाहिलंय. बोनेट उघडायला तो डबा ठेवून त्यावर चढतो. मी शेजारीच उभा होतो, पण मेलं डोक्यातच आलं नाही. वर खडखड नको म्हणून शिटा वेल्डिंगनं पक्क्या केल्या.

बाबा धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून बसले. बसले कसले, चेपले! गुडघे हनुवटीला. आठवडी बाजारापर्यंत गेलो, तिथं कळ आली. उतरवावं तर निघेनात. चौघांनी ओढून काढले, सगळा बाजार वांगी तोलायची सोडून बघत होता. बाबा खाली बसले आणि म्हणाले, "रस्ता झकास दिसला बे. आता पाय मावतीन तवा नेजा." महिन्याभरात पहिल्यांदा हसले. आम्हीही हसलो. त्या दिवसापासून त्यांना बसवत नाही.

बाकी ठीक. ताईला नमस्कार, पोरांना पापा.

आपला,
जानराव

ता. क. खरं काम राहिलंच. दोन्ही बाकडी मिळेल त्या गाडीनं परत धाडा. शिटा कापून काढतो. आता निजवूनच न्या, असं डॉक्टर म्हणतात. गिऱ्हाइकांना चार दिवस उभ्यानं चहा पाजा.

पुन्हा ता. क. पत्र टाकायचं राहिलं. बाकडी पाठवू नका. आज सकाळी बाबा गेले. वर "बरे आहोत" लिहिलंय ते खोडत बसलो नाही, मयताच्या चिठ्ठीचा फाडतात तसा नुसता कोपरा फाडलाय. बांबू तोडायला माप लागलं. सुतळीचं एक टोक मी धरलं, दुसरं आईनं.

हैदर पत्र घेऊन जीपनं येतोय, तसेच निघा, आम्ही थांबतो. ताईला एवढ्यात सांगू नका, बाबांचं जास्त झालंय म्हणा. तिला मागच्या शिटेवर बसवा. ती आईएवढीच ठेंगणी आहे, तिचे पाय मावतील.