‘गाढ’वर माझी करडी नजर

४ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. माझ्यासारख्याच्या डोक्यात काय चाललं होतं हे पुढे लोक शोधत बसतील. बसू देत. तूर्त ही वही फक्त माझी.

आज सासऱ्यांनी शेवटी मान टाकली. म्हणजे डोलावली. (तेवढा जोर त्यांच्या मानेत आता उरलेला नाही.) त्यांचा गाद्यांचा कारखाना. ब्रँडचं नाव ‘गाढ’. गाढ झोप लागते म्हणून ‘गाढ’. यापुढे त्यांनी कधी विचार केलेला नाही. मी त्यांचा एकुलता जावई, राहायला इथेच. लोक घरजावई म्हणतात. मी ‘ऑन-साइट’ म्हणतो. आजपासून हुद्दा: डिजिटल प्रमुख. केबिन: कापसाच्या गोदामाशेजारची. शिंका येतात, पण नेट चांगलं आहे.

मी त्यांना सोशल मीडिया मॉनिटरिंग समजावून सांगितलं. जगात कुठेही कुणी आपलं नाव घेतलं की आपल्याला त्याच क्षणी कळणार. ते म्हणाले, लोक काय म्हणतात ते डीलरकाका सांगतातच की दर आठवड्याला. डीलरकाका म्हणजे त्यांचे लंगोटीयार. मोठं दुकान आहे, आमच्या निम्म्याहून जास्त गाद्या तेच खपवतात. त्यांचं मॉनिटरिंग म्हणजे दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसणं. मी हसलो. बायको हसली नाही. ती कारखान्याचे हिशोब बघते, त्यामुळे तिचा हसण्याशी संबंध कमी आलाय.

७ फेब्रुवारी, सकाळ

टूल सुरू केलं. ‘गाढ’ हा कीवर्ड टाकला. पाचच मिनिटांत स्क्रीन भरून वाहायला लागली. हजारो उल्लेख! अख्खं जग गाढ, गाढ करतंय आणि आम्हाला पत्ता नाही! इतकी वर्षं हा माणूस गाद्या शिवत बसला आणि स्वतःची लोकप्रियता त्याला कळली नाही. डोळ्यांत पाणी आलं. (कापूसही असेल.)

८ फेब्रुवारी

प्रेझेंटेशन दिलं. श्रोते: सासरे, बायको. आलेख भिंतीवर दाखवला. सासऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि अहो, खरंच का, असं विचारलं. त्या माणसाने मला पहिल्यांदा ‘अहो’ म्हटलं.

पण बायकोला राहवलं नाही. तिने माझा लॅपटॉप ओढून उल्लेख वाचायला घेतले. मोठ्याने. बँकेच्या रांगेत एका गाढवाने पायावर पाय दिला. आमच्या साहेबासारखा गाढव दुसरा नाही. पुन्हा त्या गाढवालाच बढती. मग म्हणाली, यात आपली गादी कुठे आहे?

टूल ‘गाढ’पाशी थांबत नव्हतं. पुढचा ‘व’ही घेत होतं. तांत्रिक बाब.

मी शांतपणे सांगितलं की गाढव म्हणतानासुद्धा माणसाच्या तोंडी आधी आपलंच नाव येतं. याला ब्रँड रिकॉल म्हणतात. बायको म्हणाली, तुम्हाला बघून तर फारच येतं. सासरे उठून मशीनवर गेले. ‘अहो’ परत गेलं.

१२ फेब्रुवारी

दुरुस्ती केली. आता कीवर्ड ‘गाढ झोप’. ब्रँडच्या नावासाठी ‘टीम गाढ’ आणि ‘गाढची’ यांचा आलेख वेगळा. उल्लेख कमी झाले, पण सगळे दर्जेदार.

नुसतं ऐकून भागत नाही, प्रतिसाद हवा. म्हणून आपोआप उत्तर जाण्याची सोय लावली. कुणीही ‘गाढ झोप’ लिहिलं की खाली आमचं उत्तर. दुपारभर एकाच मजकुरावर काम केलं:

“गाढ झोपेचा अनुभव शेअर केल्याबद्दल मनापासून आभार! तुमच्या घरातल्या सगळ्यांनाही लवकरच हाच अनुभव मिळो! — टीम गाढ.” शेवटी हसरा चेहरा आणि चंद्र.

सोपं, प्रेमळ, कौटुंबिक. बायको म्हणाली, आधी माणसाने वाचावं, मग उत्तर द्यावं. हिच्यासारख्या विचारांमुळेच हा कारखाना अजून पत्र्याच्या छपराखाली आहे.

१५ फेब्रुवारी

उत्तरं धडाधड जातायत. एका तान्ह्या बाळाच्या आईला गेलं, तिने लाल बदाम पाठवला. एकाने लिहिलं होतं, शेजारी चोरी झाली, घरातले सगळे गाढ झोपेत होते. त्याखालीही आमचं उत्तर गेलं. त्याला एक लाइक आहे. कुणाचा ते पाहिलं नाही. चोराचा नसावा.

संकल्प: प्रत्येक उल्लेख स्वतः वाचायचा. सोमवारपासून.

१९ फेब्रुवारी, सकाळ

झालं! आलेख सरळ वर! काल संध्याकाळपासून ‘गाढ’चं नाव (ब्रँडचंच, चतुष्पाद नव्हे) हजारो लोक घेतायत. शेअर, स्क्रीनशॉट, टॅग. ज्याला व्हायरल म्हणतात ते हेच. एका महिन्याच्या आत! सोमवारी काही वाचायचं राहिलं होतं, पण आता वाचत बसण्यासारखा आकडाच नाही.

केक घेऊन कारखान्यात जातोय. वर ‘वी आर ट्रेंडिंग’ लिहून घेतलं. बेकरीवाला स्पेलिंग विचारत होता. अडाणी.

त्याच दिवशी, दुपार

कारखान्यात मशीनं बंद. सगळे कामगार फाटकाशी हात बांधून उभे. मला वाटलं, बातमी आधीच पोचली. मी केक टेबलावर ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. मागून कुणी वाजवल्या नाहीत. शिवणकाम करणाऱ्या बायकांपैकी एकीने डोळ्यांना पदर लावला. मला बरं वाटलं, निदान एकीला तरी कारखान्याबद्दल जिव्हाळा आहे.

सासरे खुर्चीत बसले होते. त्यांनी केककडे बघितलं. इंग्रजी येत नसल्याने काय लिहिलंय ते शेजारी उभ्या बायकोला विचारलं. हिने सांगितलं नाही. मला हाताला धरून गोदामात नेलं आणि फोन समोर धरला.

डीलरकाका काल पहाटे गेले. (तरीच काल सासरे आणि ही दिवसभर घरी नव्हते.) त्यांच्या मुलीने लिहिलं होतं: “बाबा गेले. कुणाला काही त्रास नाही, आवाज नाही. गाढ झोपेतच गेले.”

खाली पहिलंच उत्तर आमचं. आभार मानणारं. घरातल्या सगळ्यांनाही लवकरच हाच अनुभव मिळो. चेहरा. चंद्र.

मी म्हणालो, मजकुरात तसं आक्षेपार्ह काही नाही, टायमिंग चुकलं. हिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा मुद्दा गिळला. (मुद्दा हा होता की ‘गाढ झोप’ हा शब्दप्रयोग त्यांच्या मुलीनेच वापरला. सोय त्यामुळेच चालली.)

२० फेब्रुवारी

संकटालाच संधी म्हणतात. रात्रीत उल्लेख दुप्पट. लोक शिव्या देतायत, पण नाव अचूक लिहितायत.

संतापलेल्यांसाठी वेगळं उत्तर लावलं: “तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. गाढसोबत राहा.” पोस्टमध्ये ‘लाज’ शब्द दिसला की हे जाणार. संध्याकाळपर्यंत कितीजणांना गेलं याला सुमार नाही. म्हणजे लाज हा शब्द लोक बराच वापरतात.

नंतर कळलं, एका नव्या नवरीच्या फोटोखालीही गेलं. ती फार लाजत होती.

२१ फेब्रुवारी

प्रत्यक्ष जाऊन माफी मागायची ठरवली. कुणालाही न सांगता. मोठेपणा असाच दाखवायचा असतो. मात्र जगाला कळायला हवं, म्हणून फोनवर लाइव्ह सुरू केलं. दारात चपलांचा ढीग. आत डीलरकाकांचा फोटो, शेजारी त्यांची मुलगी. तिच्यापुढे हात जोडायचे तर फोन कुठे ठेवणार? फोटोच्या पायथ्याशी टेकवला. कोन छान मिळाला.

मी म्हणालो, ताई, टीम गाढच्या वतीने मी तुमची माफी मागतो. तिने विचारलं, टीममध्ये कोण कोण आहे? मी म्हणालो, तूर्त मीच. मग ती फार हळू बोलायला लागली. तिला जरा मोठ्याने बोलायची विनंती करावी लागली, लाइव्हवर ऐकू जात नव्हतं.

ती म्हणाली, बाबा तुमच्याच गादीवर गेले. आजारपणात डॉक्टरांनी दुसरी सांगितली होती, तर म्हणाले, माझ्या मित्राची गादी सोडून मी दुसऱ्या गादीवर झोपणार नाही.

काय सांगू! असं प्रशस्तिपत्र पैसे देऊन मिळत नाही. मी तिला तेच वाक्य कॅमेऱ्याकडे बघून पुन्हा म्हणायला सांगितलं.

तेवढ्यात लक्षात आलं, कोपऱ्यातल्या सतरंजीवर सासरे बसलेत. सकाळपासून तिथेच असावेत. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवत सावकाश आले, फोटोपाशी वाकले आणि माझा फोन उचलून पालथा केला. त्या मुलीला म्हणाले, पोरी, याला मी घरात घेतला, चूक माझी आहे. आणि तिच्या पायाशी वाकायला लागले. तिने धरलं म्हणून, नाहीतर पडलेच असते.

हे सगळं लाइव्हवर गेलं नाही. फोन पालथा होता. वाईट एवढंच वाटतं.

२५ फेब्रुवारी

सकाळी फाटकाशी टेम्पो. मागे अजून दोन. मला वाटलं, ऑर्डर सुटली. म्हणून व्हिडिओ घेतला, टाकलाही: “मागणी थांबता थांबेना!” मग गाद्या उतरायला लागल्या. चढायला नाही, उतरायला. डीलरकाकांच्या दुकानातला सगळा माल परत. मुलीने निरोप पाठवला होता की काकांवर (म्हणजे सासऱ्यांवर) राग नाही, पण हे नाव आता दुकानात डोळ्यांसमोर नको.

सासरे स्वतः एकेक गादी उतरवून घेत होते. प्रत्येकीवर थाप मारून, शिवण चाचपून. एकीतही खोट सापडली नाही. सापडली असती तर बरं वाटलं असतं त्यांना.

बाकीच्या दुकानदारांचेही फोन आले. हिने घेतले. तिसऱ्यानंतर तिने रिसीव्हर बाजूलाच काढून ठेवला.

४ मार्च

कारखाना बंद. सासऱ्यांनी कामगारांना बोलावून सांगितलं. मी दोन शब्द बोलायची तयारी करून गेलो होतो. बायकांपैकी एक म्हणाली, साहेब, तुम्ही गप्प बसायचं काय घ्याल? बाकीच्या हसल्या. काम गेलेल्या माणसांना हसू येतं, याचा अर्थ कटुता नाही.

हिने ब्रँडच्या पेजचा पासवर्ड माझ्याकडून काढून घेतला. टूल मात्र माझ्या फोनवर राहू दिलं. बघत बसा म्हणाली. आजपासून ती आईच्या जुन्या खोलीत झोपते. तात्पुरतं असावं. कपाट नेलंय, पण आरसा राहिलाय.

संकल्प: पुनरागमन. लोकांचा राग ही ऊर्जा आहे. ती वळवायची.

१८ मार्च

आज ब्रँडचे उल्लेख: शून्य.

टूल बिघडलं म्हणून कंपनीला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, सर, टूल व्यवस्थित आहे. मी म्हणालो, पण लोक इतके चिडले होते! ती म्हणाली, सर, ते आता एका हॉटेलवर चिडलेत.

दिवसभर स्क्रीन बघितली. रेघ जमिनीला टेकलेली. कुणाला आमची कीव नाही, राग नाही, आठवण नाही. सासरे बाहेरच्या खोलीत बसून असतात. जेवायला हाक मारली तर येतात. माझ्या बाजूला मीठ सरकवतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. त्यांना म्हणावंसं वाटलं की बाबा, निदान लोक विसरले. मग लक्षात आलं, हे सांत्वन होतं की दुसरी वाईट बातमी, ते मलाच ठरवता येत नाही.

१९ मार्च, संध्याकाळ

सुचलं. रेघ हलायला एकच उल्लेख पुरतो. खोटं खातं उघडलं. बाईचं, कारण तक्रारीला वजन येतं. पेजवर जाऊन लिहिलं: “गाढची गादी घेतली आणि पाठ कामातून गेली. इतका भिकार माल जन्मात पाहिला नाही. लाज वाटायला हवी.”

रेघ टुणकन वर. किती दिवसांनी! मी एकटाच खोलीत टाळी वाजवली.

थोड्या वेळाने उत्तर आलं. मला वाटलं, माझं जुनं आपोआप उत्तर अजून चालू राहिलं असावं. पण ते नव्हतं. अक्षरं तुटक, मध्ये नको तिथे जागा सोडलेली. पेज आता कोण बघतं हे मी हिला कधी विचारलंच नव्हतं.

“ताई माफ करा. पाठ फार दुखते का. कारखाना आता बंद आहे पण चांगल्या गाद्या शिल्लक आहेत. मी स्वतः घेऊन येतो आणि बदलून देतो. जिना असला तरी चालेल. पत्ता कळवा.”

दार जरासं ढकलून पाहिलं. बाहेरच्या खोलीत सासरे. पायात बूट घालून बसलेत. फोन दोन्ही हातांत धरलाय, चेहऱ्याच्या अगदी जवळ. हिला विचारत होते, बाईंनी वाचलं की नाही ते कसं कळतं गं?

वाचलं आहे. पत्ता काय द्यावा, सुचत नाही.