बांगडी अडली तो दिवस

आई,

काल लेकीच्या डोहाळजेवणासाठी हिरव्या बांगड्या घ्यायला पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात गेले. दुकानदाराने माप विचारलं आणि मला तुझा हात आठवला. पेणच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखणारा, नखांच्या कडांना रंग धरलेला. त्या हाताची मला लाज वाटायची. तुला ते कळत होतंच, तरी एकदा माझ्या हाताने लिहिते.

माझ्या सातव्या महिन्यात तू पेणच्या रामवाडीहून एसटीने इथे माझ्या सासरी, वरसे गावात आलीस, डोहाळजेवणाला आणि पहिल्या बाळंतपणासाठी मला माहेरी न्यायला. चुडा भरताना बांगडी माझ्या अंगठ्याशी अडली. साबण लावला तरी अडली. सासरच्या बायका हसल्या, म्हणाल्या, सून सुखात हाय, अंग भरलंय. तू हसली नाहीस. पाणी प्यायच्या निमित्ताने मला स्वयंपाकघरात नेलंस, खिडकीशी उभं केलंस, आणि हनुवटी धरून, मूर्तीकडे बघायचीस तसा एक डोळा बारीक करून, माझा चेहरा उजेडात पाहिलास.

"पापण्या सुजल्यात गो. हे अंग भरणं नाय. डोकं दुखतं काय?"

दुखत होतं. चार दिवस दुखत होतं. पण बाहेर सगळ्या बसलेल्या, आणि तू त्यांच्यासमोर काहीबाही बोलशील, या धास्तीने मी तुझा हात झटकला. "मी काय तुझी मातीची मूर्ती आहे? काही झालेलं नाही मला." माहेरी यायलाही नाही म्हटलं. कारखान्याची धूळ बाळाला सोसायची नाही, हे कारण मी आधीच सासूबाईंच्या तोंडून वदवून ठेवलं होतं. निघताना तू एवढंच म्हणालीस, "उद्या दवाखान्यात जा. माझ्यासाठी जा." मी गेले नाही. तुझं खरं ठरेल म्हणून गेले नाही, इतकी मी हट्टी.

पंधरा दिवसांनी भात वाढता वाढता डोळ्यांपुढे अंधारी आली. झटके आले म्हणतात, मला काही आठवत नाही. शुद्धीवर येते आहे तर पोट कापून बाळ बाहेर काढलेलं, ते काचेच्या पेटीत, आणि मला सगळं धूसर दिसतंय. डॉक्टरीणबाई विचारतायत, "सूज आली असेल, डोकं दुखलं असेल. आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही?" तू माझ्या पायाशी उभी आहेस. मी म्हणते, "नाही."

सासूबाई तुझ्याकडे वळल्या. "विहीणबाई, चुडा भरताना एवढा वेळ लेकीचा हात हातात घेऊन बसला होतात. तुम्हाला पण दिसलं नाय?"

तू माझ्याकडे पाहिलंस. धूसर असलं तरी ते पाहणं मला दिसलं.

"व्हय," तू म्हणालीस, "माझ्याच ध्यानात आलं नाय."

पुढे तू जगलीस ती बारा वर्षं आमच्या घरात तो टोमणा चालूच राहिला. देवाचे डोळे आखते, पण लेकीचे दिसत नाहीत. सणाला आलीस की कुणीतरी हमखास म्हणायचं, आणि तू बशीतला चहा पीत राहायचीस. मी विषय बदलायचे. तेवढंच करायचे. तू गेलीस तेव्हा तेराव्याला चार माणसांत सांगून टाकीन असं ठरवलं होतं. त्या दिवशी मी लाडू वाढत फिरले.

पेटीतली ती पोर आता सातव्यात आहे, बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे. दर आठवड्याला तिला रोह्याला रक्तदाब तपासायला नेते, रोज तिच्या पापण्या निरखते. आज सकाळी ती हसून म्हणाली, "बरंय, तू आजीसारखी नाहीस. तुझं लक्ष असतं." मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि बांगड्या घालून बघ म्हणाले. बसल्या, अगदी सहज.

त्या स्वयंपाकघरात आपण दोघीच होतो. तुला सांगायला मला धीर लागत नाही, म्हणून तर तुला लिहिते आहे. ऐकायला हवं तिने. आत्ताच ती चहा विचारायला दाराशी आली होती. बांगड्यांचा आवाज आला आणि मी हा कागद पेपरखाली सरकवला.