रविवारची सावड

सापगाव, बुध. ६ जुलै १९३८
पहाटेची प्रा. झाली. मत्तय अ. ६. ईस्टरला शहापूरच्या पाळकसाहेबांसमोर दोन नेम कबूल केले, चूल पेटायच्या आधी प्रार्थना आणि रविवारी शेतात पाऊल नाही. अजून खाडा नाही. आज शेजारच्या कोंडूकाकांनी भाताच्या आवणीची सावड ठरवली, आळीपाळीने एकमेकांची लावणी. त्यांच्या खाचरात सगळ्यांनी रविवारी, आमच्यात मंगळवारी. रविवारी माझा नेम आड येतो, हे त्यांना न सांगताच घरी आलो.

गुरु. ७
काकांच्या ओटीवर जाऊन सांगितले, रविवारी जमणार नाही, शनि.-सोम. हवे तेवढे राबतो. काका तपकीर चिमटीत धरून बघत राहिले.
"रोपाला रविवार कलतो काय रे? पानी आज हाय, उद्या नाय."
म्हटले, नेम आहे.
"मंग मंगलवारी आमचाबी नेम."
घरी मार्थेला सांगितले. ती पाठमोरीच म्हणाली, "नेम तुमी धरला. उपाशी कोन ऱ्हानार?" बायको असून असे बोलावे! फार संतापलो.

रवि. १०
घरीच उपासना. काकांच्या खाचरातून बायांची गाणी येत होती. मी स्तोत्र मुद्दाम मोठ्याने म्हटले, त्यांना ऐकू जावे म्हणून.

मंगळ. १२
कोणी आले नाही. दोघांनीच ओणवे राहून अर्धे खाचर लावले, बाकीची खाचरे तशीच. राबाच्या वाफ्यातले रोप पिवळे पडू लागलेय. वेळेत लागले नाही तर वर्षाचा भात गेला, मग...
प्रार्थनेत काका आठवले. त्यांच्यासाठी नव्हे, त्यांच्याविरुद्ध मागत होतो. मध्येच उठलो.

शुक्र. १५
मुरबाडहून परतताना पाळकसाहेब आले. सगळे ऐकून म्हणाले, "तुमचं उदाहरण शहापूरच्या मंडळीला सांगतो." बरे वाटले. फारच बरे वाटले. मार्थेने ताट आदळले.

रवि. १७
पहाटे गुडघ्यावर होतो. बाहेर ओरडा. काकांची सून दारात, "दादा, चला वो! बांध फुटला, आवनी चाल्ली वाहून!"
मार्था पदर खोचून निघालीदेखील. मी आमेन होईपर्यंत थांबलो. मग फावडे घेऊन धावलो. काका आणि मी खांद्याला खांदा लावून दगड-चिखल रचत होतो. निम्मी आवणी वाचली. उपासना राहिली.

सोम. १८
प्रा.ला बसलो. रविवार मोडला याचे वाईट वाटायला हवे होते, वाटत नाही. मार्था पहिल्या हाकेला उठली आणि मी आमेनसाठी थांबलो, तेच राहून राहून छातीत टोचते. त्या आमेनमध्ये देव होता की नुसता मीच? भीती वाटते.
उजाडल्यावर काकांची सून सासऱ्यांचा निरोप घेऊन आली. "मामा सांगतान, तुमची आवनी येत्या रविवारी धरू. सगली येतील. बाकीचे दिस भरलेत."
काका माया करताहेत की पारखताहेत, कळेना. आमचे रोप त्या रविवारच्या पुढे तगायचे नाही.
सून उंबऱ्यात उभी आहे. "काय सांगू मामांना?" मार्था माझ्याकडे बघतेय. मी अजून वहीत तोंड खुपसून, पुन्हा आमेनसाठी थांबल्यासारखा.