आतली बाय

मोखाडा, ५ नोव्हेंबर २०२४

आलो एकदाचे! भाऊबीज उरकली आणि नाशिकहून निघालो, ते जेवणवेळेला इथे. कमलेशची बदली झाली तेव्हा सासूबाईंनी मोखाडा म्हणजे काळं पाणी असं जाहीर केलं होतं. मला तर घर बघताक्षणी आवडलं. कौलारू, पुढे पडवी, मागे आंबा, आणि रस्त्याच्या कडेला लोकांनी भात वाळत घातलेलं. हवा अशी की आपोआप मोठा श्वास घेतला जातो.

मी बरोबर आले ते माझ्या प्रकृतीसाठीच. चैती झाल्यापासून मला उगाच रडू येतं, झोप लागत नाही, शाळेत परत शिकवायला जायचं म्हटलं की हातपाय गळतात. मीच म्हटलं होतं, मनाच्या डॉक्टरांना दाखवू. त्यावर मायलेकांचं एकमत झालं की चारचौघांत कळलं तर नाचक्की होईल, आणि मूल झाल्यावर रडत बसायला आपल्याकडे कुणाला वेळ असतो? हवापालट झाला की झालं. तोवर चैती नाशिकला आजीकडे. मी बरी झाले की तिला आणायचं. पाच महिन्यांचं माझं पिल्लू! मला लवकर बरं व्हायचंय.

९ नोव्हेंबर

कामाला पोशी येते, खालच्या पाड्यावरची. बाई गोड आहे, पण मला ‘तुम्ही’ म्हणून म्हणत नाही. सायबीन चहा घेते का? सायबीनला भाकर नागलीची का तांदळाची? साहेबाची बायको ती सायबीन. माझ्या तोंडावर माझ्याबद्दल असं बोलते, जशी मी शेजारच्या खोलीत आहे. माझं नाव उज्ज्वला, असं सांगून पाहिलं. सायबीनचं नाव चांगलं आहे म्हणाली. घ्या! मुलांना सर्वनामं शिकवण्यात इतकी वर्षं घालवल्याचं हे फळ.

२१ नोव्हेंबर

पोशी भांडी घासता घासता म्हणाली, सायबीन काल बाजारात मोप हसली, सगळ्यांशी बोलली. विचारते आहे की सांगते आहे, मला कळेना. काल दिवसभर मी पलंगावरून उठले नव्हते. भाषेचा घोळ, दुसरं काय.

पण संध्याकाळी कमलेश खुशीत घरी आला. कचेरीतल्या कुणाच्या बायकोने सांगितलं म्हणे, वहिनी फार मनमोकळ्या आहेत. न केलेल्या कामाचं आयतं कौतुक मिळालं तर नको कोण म्हणेल?

८ डिसेंबर

आज रविवार. शिरपामाळला जायचा बेत होता. मला उठवेना, म्हणून मी नाही म्हटलं आणि झोपले. कमलेश एकटाच गेला असणार.

आल्यावर त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. माळावर, वाऱ्यात, हिरव्या साडीत मी उभी. हसते आहे. कमलेशच्या खांद्यावर डोकं टेकलंय. किती दिवसांनी अशी हसलीस, असं म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

ती साडी मी इथे आल्यापासून घडीतून काढलेली नाही. आत्ता ट्रंक उघडून पाहिली. घडी जशीच्या तशी होती. निऱ्यांना गवताची कुसळं चिकटलेली होती.

मला भीती वाटते आहे.

१० डिसेंबर

कमलेशला स्पष्ट सांगितलं की मी शिरपामाळला आलेच नव्हते. त्याचा चेहरा उतरला. मग अगदी प्रेमाने समजावलं. असं काही बोलायला लागलीस तर आई चैतीला आणणार नाही, माझाही इलाज चालणार नाही. मी घाबरले. हसले. म्हटलं, गंमत केली रे, आले होते की.

माझ्याच तोंडाने मी त्या फोटोतल्या तिला हो म्हटलं.

२ जानेवारी

तिला पाहिलं. सकाळी, लख्ख उन्हात.

पडवीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. पाठमोरी. माझा अंबाडा, माझी मान. शेजारी कमलेश चहा पीत होता. मी स्वयंपाकघराच्या दारातून त्याला हाक मारली. त्याने ऐकलं. पण वळला तिच्याकडे. काय म्हणालीस, असं तिला विचारलं. काही नाही, असं ती म्हणाली. माझ्या आवाजात.

९ जानेवारी

पोशीला गाठलं. अजून तिला तरी मी दिसते. तू सायबीन म्हणतेस ती कोण, असं विचारलं. पोशीने हातातलं भांडं खाली ठेवलं. पहिल्यांदाच मला ‘तुम्ही’ म्हणाली.

“भायेर फिरते ती सायबीन. तुम्ही आतली बाय.”

मला वाटलं होतं, तिला बोलता येत नाही नीट. तिला सगळं नीट बोलता येत होतं. पहिल्या दिवसापासून.

आधीच्या साहेबाची बायकोही अशीच खंगली होती म्हणे. मग एकदम सुधारली. बदली झाल्यावर साहेब सायबीनला घेऊन गेला. मी विचारलं, आणि आतली?

“ती ऱ्हायली. मोप दिस दार वाजवत व्हती. मंग दमली.”

१४ जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू. पुढच्या खोलीत बायका. मी मागच्या. ती उखाणा घेत होती, कमलेशचं नाव लाजत लाजत. सगळ्या हसल्या. मी ओरडले. जीव तोडून ओरडले — एकीने विचारलं, घरात मांजर आहे का?

१७ जानेवारी

पोशी ताट आता हातात देत नाही. उंबऱ्यावर ठेवते, मागे न बघता जाते. आज भातावर कुंकवाचं बोट होतं —

मी मेलेली नाही. मला भूक लागते. मी मेलेली नाही.

१९ जानेवारी

कमलेश फोनवर. सासूबाईंशी. म्हणाला, ती आता पूर्ण बरी झाली, तू चैतीला घेऊन ये —

नको. कमलेश, नको. तिच्या हातात नको —

आरशात मी नाही. पलंग दिसतो. मागची भिंत —

२३ जानेवारी

जीप आली. सासूबाई. चैती — केवढी झाली, टोपडं घातलंय — मी धावले. पाय उंबऱ्यापलीकडे पडत नाही. पडतच नाही —

सायबीनने हात पुढे केले. चैती रडली. माझ्याकडे बघून रडली! माझ्याकडे हात केले! तिला मी दिसते —

आईला विसरलं गं पोर, असं सासूबाई म्हणाल्या. सगळे हसले.

“होईल सवय,” सायबीन म्हणाली.

चैती, इकडे बघ. इकडे. आई इथे आहे, दारात —

तिने चैतीचं तोंड आपल्या खांद्यावर फिरवलं. थोपटते आहे. माझ्यासारखं थोपटते —

रडणं थांबलं.

चैती, नको. चैती, तिच्या गळ्यात हात टाकू न