दगडी तळ्यावरचं न्हाण

केकिरावा,
१२ सप्टेंबर

प्रिय अक्का,

त्रिरत्नांची तुझ्यावर कृपा असो. आम्ही दोघी बऱ्या आहोत.

पाऊस अजून नाही. तळ्यात नुसता चिखल, हत्ती दिवसाढवळ्या केळीत शिरतात. आनंदाची बातमी म्हणजे तुझ्या नेत्मीला न्हाण आलं. रीतीप्रमाणे खोलीत बसवली. आरसा बघू देत नाही म्हणून रोज माझ्याशी भांडायची.

भावोजींनी तिची जन्मवेळ विचारली. मला वाटलं, न्हाण्याचा मुहूर्त काढायचाय. कुणालाही तेच वाटलं असतं. मी सांगून टाकली, वर तोऱ्यात म्हटलं, "ज्योतिषी चांगला गाठा हं!"

ते ज्योतिष्याकडे गेलेच नाहीत. कुठल्याशा मांत्रिकाला घेऊन आले. म्हणे, न्हाणं घरी नको. राखीव जंगलात, भिक्खूंच्या पडक्या मठापाशी, दगडी तळ्यावर, परवा पहाटे.

"ते तळं कोरडं ठाक आहे, भावोजी."

"पाणी आम्ही नेऊ."

"आणि न्हाऊ घालायला परटीण?"

"तिचं काय काम तिथे? फार तोंड चालवायला लागलीस तू!"

अक्का, परटिणीशिवाय कुठल्या मुलीचं न्हाणं झालंय? मी तिच्या घरी गेले, तर तीच माझ्यावर उखडली. "न्हाण आलं त्या दिवशी अंगावरचे कपडे माझ्या हक्काचे. कुठाय माझा फ्रॉक?" फ्रॉक तर भावोजी तिलाच द्यायला म्हणून घेऊन गेले होते.

मग सरपणाचं निमित्त करून जंगलात शिरले. वाटेवरच्या झाडाला देवासाठी डहाळी टांगली. तळ्याच्या काठी, भिक्खू जिथे ध्यान करत फिरायचे, ती फरशी उखडून खड्डा खणलाय. शेजारी कोवळ्या झावळ्यांचा मांडव. त्यात नेत्मीचा पिवळा फ्रॉक, नीट घडी करून ठेवलेला.

मठाखालच्या गुप्तधनाचा राखणदार काय मागतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. घरातलं पहिलं मूल. यापुढे मला लिहवत नाही.

तिला आज दुपारीच उठवून इथे माझ्या मैत्रिणीकडे, नंदाकडे आणली. नंदा उद्या तुझ्या कुवेतला निघतेय, तिच्याच हाती हे पत्र देतेय. तुझा फोन सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारीच चालू असतो, आणि तेव्हाही तू आधी भावोजींनाच लावतेस.

आत्ता नेत्मी हसत बाहेर आली. "पुंची अम्मा, रागावू नकोस हं. आपण इथे आहोत ते नंदाआंटीच्या फोनवरून अप्पच्चींना सांगितलं. काळजीत होते गं बिचारे. न्यायला निघालेत, नवीन फ्रॉक घेऊन."

बापालाच पत्ता दिला पोरीने. मला भीती वाटते, अक्का. आम्ही मागच्या दाराने निघतोय. भावोजी तुला सांगतील, बहिणीला वेड लागलं, पोर पळवली. तू त्यांच्यावर विश्वास ठेवशील की माझ्यावर, मला खरंच माहीत नाही. म्हणून कुठे जातोय ते लिहीत नाही.

तुझ्या लेकीला तुझ्यापासूनही लपवणारी,
तुझी धाकटी,
हीन्मेणिके