साडेतीन व्होल्ट

अण्णा, परवा तुमच्या गाडीचे दिवे मोजले. एवढं एक वाक्य लिहायला सकाळपासून तीनदा बसले आणि तीनदा उठले. एकदा चहा ठेवला, एकदा पोर्चमध्ये जाऊन बॉनेट नीट लागलंय का ते पाहिलं, आणि एकदा नुसतीच जिन्यापर्यंत जाऊन परत आले. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमच्याशी मनातल्या मनात भांडले पुष्कळ, पण लिहिलं कधी नव्हतं. आता लिहिते आहे, कारण तुमच्या हयातीत मी एक गोष्ट ठणकावून सांगितली होती आणि ती परवा मीटरवर खोटी ठरली. संध्याकाळी तुम्हाला रस्ता दिसत नाही तो तुमचे डोळे गेले म्हणून, असं मी म्हणाले होते. तेवढ्यावर तुमची गाडी बंद केली, आणि गाडीबरोबर तुमचं कामही.

गाडी अजून गंगापूर रोडच्या घरीच आहे. आईने विकू दिली नाही. रविवारी ती सुरू करून अंगणातल्या अंगणात मागेपुढे करायची, एवढाच तिचा प्रवास. आता रजिस्ट्रेशनची मुदत संपत आली, आरटीओत दिवेही तपासतात, म्हणून परवा द्वारका चौकाजवळच्या एका वायरिंगवाल्या मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी बटण दाबलं, काचेसमोर तळहात धरला आणि माझ्याकडे बघून हसले. ‘मॅडम, ह्या उजेडात म्हैस आडवी आली तरी दिसायची नाही.’ म्हशीचं नाव त्यांनी सहज घेतलं, त्यांना काय माहीत. मग मला समजावू लागले, की जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट बटणातून फिरून येतो. बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत, तिथून पायाखालच्या डिपरला, मग परत पुढे दिव्याकडे. वायर बारीक, जोड गंजलेले. ‘दिव्यापर्यंत पोचेस्तोवर करंट थकून जातो. रिले टाकू. मग बटण नुसता इशारा देईल, आणि करंट बॅटरीतून सरळ जाड वायरनं दिव्याला.’ रिले म्हणजे काय, हे ते मला सांगत होते. अंबडच्या कारखान्यात रिलेच्या पॅनेलची चाचणी करण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत. मी पर्समधून मीटर काढला. इंजिन चालू असताना बॅटरीवर तेरा पॉइंट सहा. दिव्याच्या मागे, दहा पॉइंट एक. साडेतीन व्होल्ट वाटेतच गळाले होते. तेवढ्याने दिव्याचा उजेड अर्ध्याहूनही खाली येतो. कारखान्यात अशी गळती दिसली असती तर मी पॅनेल परत पाठवलं असतं आणि जोडणाऱ्याची दिवसभर खरडपट्टी काढली असती.

तुम्ही निवृत्त झालात तरी गिरणारे-दुगाव पट्ट्यातली माणसं तुमच्याकडेच यायची. गुरांच्या सरकारी दवाखान्यात नवीन डॉक्टर होता, पण गाय अडली की लोकांना तुमचा हात हवा असायचा. त्या दिवशी तुम्ही दुपारी गेलात आणि दिवेलागणीला परत निघालात. दुगावच्या अलीकडे म्हशी घरी परतत होत्या, आणि त्यातल्या शेवटच्या म्हशीला तुमच्या गाडीचा डावा कोपरा लागला. फार नाही, मांडीवर वीतभर जखम. तुम्ही तिथेच उतरलात, बॅग काढलीत, म्हशीच्या मालकाला टॉर्च धरायला लावून रस्त्याच्या कडेला टाके घातलेत. जन्मभर गुरं वाचवलेला माणूस, आणि त्याच्याच गाडीने म्हैस फाडलेली. घरी आलात तेव्हा बाह्या कोपरापर्यंत रक्ताने भरलेल्या, आणि तुम्ही बराच वेळ मोरीत नुसते उभे होतात. मी विचारलं तेव्हा सगळं सांगितलंत आणि मग म्हणालात, ‘म्हशीवाला बोलला, डॉक्टर, तुमचं काय चुकलं नाय, गाडीचे दिवे लय बारीक हायेत.’ मी हसले. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभाव तुम्हाला माहीत होता. म्हणाले, ‘अण्णा, दिव्यांना नावं ठेवू नका. वय काय तुमचं. तिथे माणूस असता तर?’ तुम्ही म्हणालात, ‘असता तर, हे खरंच.’ मी टेबलावरची किल्ली उचलून पर्समध्ये टाकली. त्याच पर्समध्ये मीटर होता, अण्णा. माझा मीटर मी भाजी आणायला जातानाही सोबत ठेवते, त्यावरून तुम्ही मला किती चिडवायचात. किल्ली टाकताना तो हाताला लागलाही असेल.

तुम्ही एकदाही किल्ली मागितली नाहीत. माझा जीव यानेच जास्त खालीवर होतो. भांडला असतात तर मी भांडले असते, आणि भांडणात कुणी तरी म्हणालंच असतं, की चल, मोजून बघू. त्या वर्षीच्या थंडीत गिरणाऱ्याचा एक शेतकरी मोटारसायकलवर आला. गाय सकाळपासून अडलेली, नवा डॉक्टर रजेवर. सूर्य मावळत होता. मला अजून दिसतंय, तुम्ही बॅग घेऊन फाटकाशी उभे आहात, स्वेटरची बटणं वरखाली लागली आहेत, आणि तुम्ही माझ्याकडे बघता आहात, जसं मी लहानपणी सहलीला जाऊ का म्हणून तुमच्याकडे बघायची तसं. तो शेतकरी म्हणतो, ‘ताई, मी माझ्या गाडीवर न्हेतो, परत आणून सोडतो, काय काळजी करू नका.’ मी म्हणते, ‘या गारठ्यात, मागे बसवून? नको.’ मी तुम्हाला नेऊ शकले असते. किल्ली माझ्याकडे होती, हातपाय धड होते. पण मग मला ती गाडी त्या रस्त्यावर चालवावी लागली असती. तो निघून गेला. तुम्ही आत आलात, बॅग कपाटावर ठेवलीत, स्टूल लागलं त्यासाठी, आणि आईला म्हणालात, जेवायला वाढ. गाय गेली, वासरूही गेलं. तिसऱ्या दिवशी बाजारात कुणीतरी तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही मला, बटाटे निवडता निवडता, कुठलाही ठपका न ठेवता. त्यानंतर माणसं यायची हळूहळू थांबली. तुम्ही पेपर वाचायचात, दुपारी झोपायचात, आणि दोन वर्षांत गेलात. कशाने गेलात ते डॉक्टरांनी लिहून दिलं आहे, पण त्या कागदाने माझं समाधान होत नाही.

मिस्त्रींनी काल काम पुरं केलं. दोन रिले, एक फ्यूज, जाड लाल वायर बॅटरीपासून थेट, आणि अर्थिंगचा गंजलेला जोड खरवडून नवा. दिव्यावर आता तेरा पॉइंट तीन. सात वाजता गाडी फाटकाबाहेर काढून समोरच्या कंपाउंडकडे तोंड केलं आणि बटण दाबलं, तर भिंतीवरचा रंगाचा प्रत्येक पोपडा दिसला. मिस्त्री खूश. आई पदराने डोळे झाकत म्हणाली, ‘अगं बंद कर, शेजारी काय म्हणतील.’ मग जरा वेळाने म्हणाली, ‘ते सांगत होते तुला.’ तिच्या आवाजात राग नव्हता, पण मला जेवण गेलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांचे तुमचे जुने कागद मी आज शोधून काढले. मोतीबिंदू होता, पण कच्चा, चष्म्याने भागेल असं त्यांनी लिहिलं होतं. हे मी तेव्हाही वाचलं असणार. शिळ्या कढीला ऊत कशाला, असं कुणीही म्हणेल. पण मला एका जागी बसवत नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर वाटलं होतं की संपलं. माझी चूक कळली, चुकून घडली, आणि माफी मागून पत्र कुठल्यातरी फायलीत ठेवून द्यायचं. पण तसं नाही. मला उशिरा कळलं, असं जे मी आईला काल भासवलं आणि वर तुम्हालाही लिहिलं, ते खरं नाही. किल्ली घेतल्यानंतर चौथ्या दिवशी तुम्ही मला मलम देऊन दुगावला पाठवलंत, त्या म्हशीची जखम बघून यायला. मी तुमचीच गाडी नेली. परतताना अंधार पडला, आणि मला काही म्हणजे काही दिसेना. स्टिअरिंगवर ओणवी होऊन, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एका ट्रॅक्टरच्या मागे मागे मी कशीबशी गंगापूरपर्यंत आले. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते आणि माझ्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. पण तुम्ही घरी बसलात त्या चार दिवसांत मला कित्येक महिन्यांनी निवांत वाटलं होतं, संध्याकाळ झाली की रस्त्याकडे कान लावायला नको होते. ते मला सोडायचं नव्हतं. तुम्ही पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसला होतात. म्हशीचं विचारलंत, मग विचारलंत, ‘दिवे कसे वाटले गं?’ मी म्हणाले, ‘चांगले आहेत की.’ तुम्ही म्हणालात, ‘मग माझेच डोळे असतील.’