गाडीची वाट

१८ जुलै १९८५, सकाळी ८

अधिक महिना आजपासून सुरू. काल सासऱ्यांचं पोस्टकार्ड आलं. 'धोंड्याचा महिना आहे, जेवायला अवश्य यावे. दिनकरराव.' तीनदा वाचलं. कडूबाई आत्या म्हणते, धोंड्याला जावयाला बोलावतेतच, त्यात काय नवल. पण 'अवश्य' कोण लिहितं? मनकर्णा माहेरी जाऊन दहा महिने झाले. एवढ्या दिवसांत तिकडून आलेला हा पहिला शब्द. म्हणजे तिला पाठवायची त्यांची तयारी आहे. म्हणजे तिचीही आहे.

प्लॅन ठरला. धोंडे खायचे आणि मनकर्णाला जीपच्या पुढच्या सीटवर बसवून घरी आणायचं. महिना १६ ऑगस्टला संपतो. भरपूर वेळ आहे.

फक्त टायर बदलायला हवेत.

१९ जुलै

जीप मिलिटरीच्या लिलावातली. फोर व्हील ड्राइव्ह. मागच्या चाकांबरोबर पुढची चाकंही ओढतात, अशी गाडी आसपासच्या बारा गावांत दुसरी नाही. इंजिन ठणठणीत. उणीव एकच, टायर बारीक. सासुरवाडी ताडकळसच्या अलीकडे, इथून दोन कोस. मध्ये काळी माती आणि एक नाला. पावसात ही माती बारीक टायरला असा लपेटा मारते की चाक जागच्या जागी फिरतं. मोठा टायर वर तरंगतो. हे सायन्स आहे.

आत्या म्हणाली, दोन कोसच तर हाय दत्तराव, पायानं जा की. तिला सायन्स कळत नाही.

२२ जुलै, दुपार

फाट्यावर सटवाजी मिस्त्रीकडे गेलो. ट्रॉलीचे चार टायर बघून ठेवायला सांगितलं. म्हणाला, मालक, पावसाळा सरू द्या, मंग बघू. मी म्हणालो, पावसाळ्यासाठीच तर पाहिजेत. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून पाना पुसत बसला.

गावातले सगळे असंच बघतात. सवय झाली.

२५ जुलै

आज लिहूनच टाकतो म्हणजे डोक्यातून जाईल.

गेल्या ऑगस्टमध्ये मनकर्णाला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. सातव्यात माहेरी पोचवायचं होतं, पण जीपचं काम चालू होतं. कळा सुरू झाल्या तेव्हा शेजारचा मुंजाजी बैलगाडी जुंपून दारात उभा होता. मी म्हणालो, बैलगाडीला दोन तास लागतील, जीपनं अर्ध्या तासात ताडकळसचा दवाखाना. हिशेब बरोबरच होता. नाल्यात जीप रुतली. तीन तास. मागून मुंजाजी गाडी घेऊन आला. म्हणाला, वहिनीला हिकडं घ्या. मी म्हणालो, आता निघतेच आहे. खरंच निघत होती. अर्धं चाक वर आलं होतं.

मुलगी होती. जीव नव्हता.

महिन्याभरानं दिनकरराव आले आणि मनकर्णाला घेऊन गेले. ती गेली तेव्हा मी बॉनेट उघडून उभा होतो.

टायर साडेसात इंचाचे असते तर निघाली असती. सटवाजीलाही हे मान्य आहे. म्हणजे तो नाही म्हणाला नाही.

२९ जुलै

टायर आले. काळे, दातेरी, रुंद. हात फिरवून पाहिला. छान वाटलं. खूप दिवसांनी छान वाटलं.

बसवायला घेतले. पुढचे मडगार्डला घासतात. सरळ चालताना नाही, फक्त डावीकडे वळताना. नाल्यावर सासुरवाडीला डावीकडेच वळायचं असतं. मडगार्ड कापायचं ठरवलं. सटवाजी म्हणाला, मडगार्ड कापलं तरी आतून स्प्रिंगच्या पट्ट्याला घासंल. मग?

मीच मार्ग काढला. मागे मोठे, पुढे जुनेच बारीक. ट्रॅक्टरचं काय असतं? मागचे मोठे, पुढचे लहान. एवढे इंजिनियर मूर्ख आहेत का?

सटवाजी मान हलवत राहिला. म्हणाला, ट्रॅक्टरचं अलग हाय मालक, त्याचे पुढचे ओढीत न्हाईत. तुमच्या गाडीला चारी चाकं एका मापाची लागतेत. न्हाई तर फोर व्हील टाकलं की पुढचं एक ओढतंय आन् मागचं एक ओढतंय, गाडी आपल्या आपल्यातच भांडती.

म्हणालो, थोडं भांडण कुठल्या घरात नसतं?

३१ जुलै

मागून गाडी वीतभर उंच झाली. रुबाब आला. एक शोध लागला: मोठ्या टायरमुळे मीटर कमी दाखवतो. म्हणजे दिसतो त्यापेक्षा मी नेहमी पुढेच असतो. मनकर्णाला हे सांगायचं. तिला माझं कायम उलटं वाटत आलंय.

उंचीमुळे तिला चढताना त्रास होईल. सुताराकडून सागवानी पाट करून घेतला. पाटावर पाय, मग सीट. कडा घासून गुळगुळीत केल्या.

३ ऑगस्ट

पाऊस. उद्या निघतो.

४ ऑगस्ट

पाऊस जास्त. नाल्याचं पाणी मोजून आलो. काठीवर गेल्या वर्षीच्या त्या दिवसाच्या पाण्याची खूण कोरलेली आहे, पाणी तिच्याही वर गेलंय. आज निघण्यात शहाणपणा नाही.

६ ऑगस्ट, संध्याकाळ

मोठी बातमी. मुंजाजी ताडकळसच्या बाजारातून आला. वाटेत दिनकररावांकडे पाणी प्यायला थांबला होता. मनकर्णा स्वतः तांब्या घेऊन आली म्हणे. निरोप दिला. मी त्याला शब्द न् शब्द परत म्हणायला लावला: त्यास्नी म्हणावं, गाडीची वाट बघू नका, या.

गाडीची वाट, म्हणजे बैलगाडीचा रस्ता. तो लांबचा, नाला टाळून वरच्या अंगानं खडकावरून जातो. तो खराब झाला असणार, तिकडून येऊ नका, असं ती कळवतेय. म्हणजे नाल्यानंच या. म्हणजे तिला टायरचं कळलंय! माझ्या जीवाची अजून किती काळजी करते.

मुंजाजी म्हणत होता, न्हाई हो दत्तराव, तसं न्हाई. पण निरोप आणणाऱ्याला अर्थ कळतोच असं नाही.

खुशीत गाडी धुतली.

९ ऑगस्ट

पाणी खुणेच्या खाली आलं. पण सीटचं कव्हर फाटलंय, तसल्या सीटवर तिला बसवणार? लाल रेक्झिन आणायला परभणीला गेलो. हवं ते मिळालं नाही, निळं आणलं. तिला निळा आवडतो. बहुतेक.

१२ ऑगस्ट

निळं बसवलं. आत्या म्हणाली, महिना सरत आला, पोरगी वाट बघत आसंल. म्हणालो, तीच तर म्हणाली वाट बघू नका. आत्यानं भाकरी तव्यावर जोरात टाकली.

१३ ऑगस्ट

शुभ दिवस नाही.

१५ ऑगस्ट, सकाळी ७

आज नक्की. इस्त्रीचे कपडे. डोक्याला तेल. पाट मागे बांधला. रोजगार हमीच्या मुरुमाच्या रस्त्यानं शाळेपर्यंत, मग मातीत उतरायचं. शाळेत झेंडावंदन असल्यामुळे सगळा गाव तिथं असणार. असू दे. पाहू दे.

त्याच दिवशी, सकाळी ११

लिहायची इच्छा नाही.

शाळेपुढे सगळे बघत होते म्हणून मुरुमावरच फोर व्हील टाकलं. गाडी अडखळली. मला वाटलं जोर कमी पडतोय, ऍक्सिलरेटर दाबला. खालून धडाम. गुरुजी भाषण करता करता थांबले. मधला गिअरचा डबा फुटला. मुरुमावर काळं ऑइल पसरलं.

नाल्यापर्यंत पोचलोही नाही. शाळेपर्यंतच.

लोकांनी ढकलत घरी आणली. सटवाजीनं पाहिलं. मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

१६ ऑगस्ट, दुपारी १

आज महिन्याचा शेवटचा दिवस. पाऊस नाही, ऊन आहे. गाडी दगडांवर, चाकं काढलेली.

आत्या सकाळपासून मागे लागली. जा रे बाबा चालत, आजून येळ हाय, दुपारच्याला पोचतूस. जावई चपला हातात घेऊन, गुडघ्याएवढा चिखल लागून धोंड्याला जातो का? लोक काय म्हणतील?

मग मुंजाजीनं बैलगाडी जुंपून आणली. दारात उभी केली, तिथंच, त्याच जागी. म्हणाला, बसा दत्तराव, घंट्या-दीड घंट्यात सोडतो. मी म्हणालो, डोकं दुखतंय.

डोकं दुखत नव्हतं. त्या गाडीत मी बसलो आणि ती नाल्यातून सहज पार झाली तर?

हे वाक्य खोडायचं राहून गेलं. राहू दे.

संध्याकाळी ६

डोकं दुखायला लागलं आहे.

१८ ऑगस्ट

सटवाजी म्हणतो, डबा परभणीत मिळेल, जुना. मग चारी टायर एका मापाचे बसवू. पुढच्या अधिक महिन्यापर्यंत गाडी एकदम फिट होईल. अधिक महिना तीन वर्षांनी येतो, हे आत्यानं विचारलं नसताना सांगितलं.

२१ ऑगस्ट, दुपार

मनकर्णा आली.

चालत. एकटी. साडी वर खोचलेली, पाय गुडघ्यापर्यंत काळे. आत्यानं पाणी दिलं. अंगणात जीपपाशी नवा पाट पडला होता, तो ओढून त्यावर बसली आणि पाय धुतले. चांगला पाट केलाय, म्हणाली.

मी विचारलं, कशी आलीस? म्हणाली, पायानं. दीड घंटा लागला.

मी टायरचं सांगितलं. मागचे मोठे का, मीटर कमी कसा दाखवतो, डबा फुटला नसता तर कसं झालं असतं, सगळं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुमाला निरोप दिल्ता की. गाडीची वाट बघू नका, नुसतं या म्हणून. म्या रोज वसरीत बसत व्हते. अनारसे केल्ते.

मी म्हणालो, मला वाटलं, तू रस्त्याचं सांगतेस. बैलगाडीच्या.

ती हसली. वर्षभरानं तिचं हसणं ऐकलं. मग ते हसणं तसंच मोडत गेलं आणि पदर तोंडात धरून ती कितीतरी वेळ बसून राहिली. मी जवळ गेलो नाही. जायला हवं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

मग आत जाऊन तिनं पेटी उघडली. आपल्या जुन्या साड्यांचं शिवलेलं दुपटं त्यात होतं, पोरीसाठी केलेलं. ते घेतलं. पेटीत बाकी तिच्या तीन साड्या आहेत. त्या नेल्या नाहीत.

येताना आणलेला डबा ठेवला. अनारसे आहेत, म्हणाली, मऊ पडलेत.

दारात मी विचारलं, सोडायला येऊ का? तिनं दगडांवरच्या जीपकडे पाहिलं. मी म्हणालो, जीपनं नाही, चालत. म्हणाली, त्या दिवशी म्या तुमाला म्हणलं व्हतं, मला उचला आन् मुंजाजीच्या गाडीत ठेवा. तुमाला ऐकू आलं न्हाई, इंजिन चालू व्हतं.

मग म्हणाली, आता माझी वाट बघू नका.

२२ ऑगस्ट

या वाक्याचा दुसरा काही अर्थ निघतो का, दिवसभर पाहिलं. निघत नाही.

साड्या नेल्या नाहीत. हे लिहून ठेवतो.

२५ ऑगस्ट

सटवाजी गिअरच्या डब्याचं विचारायला आला. नको म्हणालो. अनारसे आत्यानं उन्हात घातले. मी एकच खाल्ला.

३० ऑगस्ट

काल जोराचा पाऊस झाला. आज सकाळी काठी घेऊन चालत नाल्यावर गेलो. पाणी मोजलं. बरोबर खुणेवर. गेल्या वर्षीइतकंच, ना बोटभर जास्त ना कमी.

चपला हातात घेऊन उतरलो आणि पलीकडे गेलो. पुढे सासुरवाडीचा रस्ता दिसत होता. थोडा वेळ उभा राहिलो. तिनं सांगितलंय ते आठवलं. मागे फिरलो.

तेवढ्यात ताडकळसकडून मुंजाजी बैलगाडी घेऊन आला. त्यानं नुसतं सरकून जागा केली. मी बसलो. दांडीला घट्ट धरून, समोर बघत.

नाला पार झाला. बैल थांबलेसुद्धा नाहीत.